प्रेमाचे गाणे म्हणजे पळवाट नव्हे : बॉब मार्लीची 'काया' ऐकताना

आंबेडकरी चळवळीतल्या माणसाने प्रेमाची गाणी ऐकावीत की नाही, असा प्रश्न आज कोणी विचारला तर लोक हसतील. पण एक काळ असा होता की आम्ही हा प्रश्न गंभीरपणे विचारत होतो आणि त्याचे उत्तर 'नाही' असे देत होतो. नुसते देत नव्हतो, दुसऱ्यावर लादतही होतो. त्या उत्तराची किंमत आमच्यातल्याच एकाने मोजली. हा लेख म्हणजे त्या चुकीची कबुली आहे. चूक लक्षात आली ती जमैकाच्या एका बँडच्या अल्बममुळे. बँड म्हणजे बॉब मार्ली अँड द वेलर्स, आणि अल्बम 'काया', साल १९७८.

गोष्ट सुरू होते १९९०-९१ मध्ये. बाबासाहेबांची जन्मशताब्दी चालू होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा संपलेला नव्हता. मंडल आयोगाच्या विरोधात सवर्ण विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीतले सहा-सात जण मिळून कलापथक चालवायचो. एक ढोलकी, एक डफ, एक जुनी पेटी, बाकी सगळे गळे. दिवसा कोणी गोदीत, कोणी कुरिअरच्या ऑफिसात, कोणी कॉलेजात. रात्री नऊनंतर बुद्धविहाराच्या ओट्यावर तालीम.

काळ्या माणसाचा लढा हा आपलाही लढा आहे, हे आम्हाला कोणी शिकवावे लागले नव्हते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्यामुळे कॉलेजातल्या एका मित्राने मार्लीचे 'गेट अप, स्टँड अप' ऐकवले तेव्हा इंग्रजी अर्धेमुर्धे कळूनही आम्ही त्याला आपला शाहीर मानून टाकले. उठा, हक्कासाठी उभे राहा, एवढे कळले की बास होते.

मग आमच्यातल्या एकाला फोर्टच्या फुटपाथवर मार्लीची एक कॅसेट मिळाली. वर त्याचा जटाधारी चेहरा आणि रोमन अक्षरांत नाव, 'काया'. नाव वाचून आम्ही चक्रावलो. 'काया-वाचा-मने' ऐकत वाढलेली आम्ही बौद्धांची पोरे. आमच्या मते काया म्हणजे देह. हा काय बुद्धाचे गातो की काय? जमैकाच्या बोलीत 'काया' म्हणजे गांजा, हे पुष्कळ नंतर समजले.

टू-इन-वनमध्ये कॅसेट घातली आणि आमची निराशा झाली. उठा नाही, लढा नाही. ऊन पडले आहे, सकाळी धुके आहे, कोणी कोणावर प्रेम करते आहे, कोणी सोडून गेले आहे. सगळे झुलते, सैल, उन्हात पाय पसरून बसल्यासारखे. आमच्या ढोलकीवाल्याने तर निकालच दिला, "हा सम खातो." बाकीच्यांनी म्हटले, "थंड पडला हा माणूस. पैसा आला असेल." कॅसेट पेटीच्या खोक्यात गेली.

आमचा राग खोटा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. ज्या १९७८ साली मार्चमध्ये हा अल्बम निघाला, त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या लोकांची घरे जळाली. त्या आगीतून पळून आलेली कुटुंबे आमच्या वस्तीत राहत होती. त्यांच्या हकिगती ऐकत मोठे झालेल्या पोरांना झुलणारी गाणी खपणार नव्हती.

पण त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट घडली. आमच्या कलापथकाचा शाहीर आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. सगळे त्याला दादा म्हणायचो, पण नाते अरे-तुरेचेच. रात्रपाळी करून पहाटे यायचा. वस्तीच्या नळावर पाण्याची रांग लागायची, तिथे त्याचा हंडा रात्रीच ठेवलेला असे. तो येईपर्यंत एक मुलगी आपल्या हंड्याबरोबर त्याचाही हंडा पुढे सरकवत ठेवायची. एवढेच. दोघांचे बोलणेसुद्धा फार होत नसावे. दादाने त्या हंड्यावर गाणे केले. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाची तालीम चालू असताना शेवटी म्हणाला, "एक वेगळं केलंय, ऐका." दोन कडवी म्हणून झाली असतील. आमच्यातला एक जण म्हणाला, "दादा, समाजाला आग लागलीये आणि तू हंडे सरकवतोयस?"

सगळे हसलो. दादाही हसला. त्याने डफ बाजूला ठेवला आणि आपण पुढचे गाणे घेतले. त्या जयंतीला तो नेहमीसारखा गायला. पुढच्या वर्षी आला नाही. वस्ती सोडून कल्याणच्या पुढे कुठेतरी राहायला गेला. संसाराला लागला, असे आम्ही एकमेकांना सांगितले आणि विषय संपवला.

आता अलीकडची गोष्ट. आमच्यातल्या एकाच्या घरी रविवारी सगळे जमलो होतो. स्वयंपाकघरात त्याची मुलगी मोबाइलवर गाणे लावून भाकऱ्या थापत होती. गाणे ओळखीचे वाटले. विचारले तर म्हणाली, "काका, हे तुमच्याच त्या मार्लीचं. 'इज धिस लव्ह'. तुम्ही ऐकलं नाहीत कधी?" ऐकले होते. तीस वर्षांपूर्वी ऐकून खोक्यात टाकले होते. त्या दिवशी तिच्या फोनवर सगळा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मग त्यामागचा इतिहास वाचला आणि आपण काय समजलो होतो याची लाज वाटली.

इतिहास असा आहे. ३ डिसेंबर १९७६ च्या रात्री किंग्स्टनमधल्या ५६, होप रोड या मार्लीच्या घरात बंदूकधारी घुसले. जमैकात निवडणूक तोंडावर होती. मायकेल मॅनली यांची पीपल्स नॅशनल पार्टी आणि एडवर्ड सिआगा यांची जमैका लेबर पार्टी या दोन पक्षांनी गरिबांच्या वस्त्या वाटून घेतल्या होत्या आणि वस्तीतल्या पोरांच्या हाती बंदुका आल्या होत्या. मारणारे गरीब, मरणारेही गरीब. हे चित्र ज्याला अनोळखी वाटत असेल त्याने आपल्या वस्त्यांकडे निवडणुकीच्या दिवसांत नीट पाहिलेले नाही. त्या रात्री मार्लीच्या छातीला आणि दंडाला गोळी लागली. त्याची पत्नी रिता हिच्या डोक्याला लागली. मॅनेजर डॉन टेलर गंभीर जखमी झाला. तरीही दोनच दिवसांनी, ५ डिसेंबरला, मार्ली 'स्माइल जमैका' या जाहीर कार्यक्रमात हजारो लोकांपुढे उभा राहून गायला. मग त्याने देश सोडला आणि लंडन गाठले.

लंडनमध्ये १९७७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत बँडने जे ध्वनिमुद्रण केले त्यातून दोन अल्बम निघाले. पहिला 'एक्सोडस', जून १९७७. दुसरा 'काया', मार्च १९७८. म्हणजे लोक ज्याला लढाऊ म्हणतात तो अल्बम आणि ज्याला मवाळ म्हणतात तो अल्बम, दोन्ही एकाच स्टुडिओत, एकाच हंगामात, त्याच माणसांनी केले. 'काया' आला तेव्हा तिकडच्या समीक्षकांनीही आमच्यासारखाच निकाल दिला होता, मार्ली मऊ पडला म्हणून. आम्ही ज्याला 'पैसा आला असेल' म्हणालो, तो माणूस जिवावरच्या हल्ल्यातून नुकता वाचलेला, घरदार सोडून परमुलखात राहणारा होता.

ज्याला मारायला माणसे आली होती, तो ऊन, धुके आणि प्रेम यांवर गातो. याचा अर्थ तो घाबरला असा घ्यायचा, की मारेकऱ्यांना आपल्या आयुष्याचा विषय ठरवू द्यायला त्याने नकार दिला असा घ्यायचा? आमच्या मते दुसरा अर्थ खरा आहे. आणि त्याला पुरावा अल्बममध्येच आहे.

आधी 'सम खाण्या'चा प्रश्न निकालात काढू. आपल्या ढोलकी-हलगीला पहिल्या मात्रेवर जोर लागतो. पाय तिथेच पडतो. रेगेत ड्रमवाला चार मात्रांतली पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि ठोका तिसऱ्या मात्रेवर देतो. गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तुटक वाजते. वेलर्सचा ड्रमवाला कार्लटन बॅरेट हा या ठेक्याचा उस्ताद, आणि बेस गिटार वाजवणारा अ‍ॅस्टन बॅरेट त्याचा थोरला भाऊ. धाकट्याने सोडलेल्या जागेत थोरला चाल पुढे नेतो. तेव्हा हे सम खाणे नव्हे. जिथे जगाला ठोका अपेक्षित आहे तिथे मुद्दाम शांत राहायचे आणि आपल्याला पाहिजे तिथे ठोका द्यायचा, अशी ती रीत आहे. 'एक्सोडस'चे शीर्षकगीत सात मिनिटांहून जास्त वेळ मोर्चासारखे चालत राहते. 'काया'त कोणालाच घाई नाही. पण सैल वाजवणे सोपे असते असे ज्याला वाटते त्याने कधी तालमीला बसून पाहावे. सहा-सात माणसांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास असेल तरच असे सैल वाजवता येते.

अल्बममध्ये दहा गाणी आहेत. त्यातली तीन, म्हणजे शीर्षकगीत, 'सन इज शायनिंग' आणि 'सॅटिसफाय माय सोल', ही वेलर्सनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या गाण्यांची नवी रूपे आहेत. जिवावरच्या प्रसंगानंतर माणूस आपल्या तरुणपणीच्या गाण्यांकडे परत जातो, हे आता पन्नाशी ओलांडल्यावर आम्हाला चांगले समजते. 'सन इज शायनिंग'मध्ये ऊन पडले आहे म्हणून सांगतो, पण चाल काळोखी आहे. संकट ओलांडून आलेल्या माणसालाच ऊन असे दिसते. 'सॅटिसफाय माय सोल'मध्ये ब्रास वाद्यांच्या छोट्या छोट्या फेका आहेत, लग्नाच्या वरातीत बँडवाल्याला अचानक लहर यावी तशा.

'इज धिस लव्ह' हे या अल्बमचे सर्वांत गाजलेले गाणे. ते आम्ही तेव्हा नीट ऐकले असते तर आमच्या शाहिराला हसलो नसतो. त्यातला प्रियकर प्रेयसीला चंद्र-तारे, महाल, बाग काही देऊ करत नाही. एक खोली, एकच पलंग, डोक्यावर छप्पर आणि दोन वेळच्या पोटाची सोय, एवढाच त्याचा शब्द आहे. हे ट्रेंचटाउनमध्ये वाढलेल्या माणसाचे प्रेम आहे. दहा बाय दहाच्या खोलीत आई-बाप, भावंडे आणि पाहुणे यांच्यात ज्याने दिवस काढले त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. ज्याला राहायला बंगला आहे त्याच्या प्रेमगीतात खोलीचा उल्लेख येत नाही. आपल्या प्रेमगीतात तो आधी येतो. मागे रिता मार्ली, ज्युडी मोवॅट आणि मार्सिया ग्रिफिथ्स या तिघी ज्या सुरात साथ देतात त्याने ती खोली भरून जाते.

दुसऱ्या बाजूला वातावरण बदलते. 'शी इज गॉन' मध्ये बाई निघून गेलेली आहे आणि दोष कोणाचा हे गाणाऱ्याला माहीत आहे. 'मिस्टी मॉर्निंग' मध्ये धुके आहे. 'क्रायसिस' या नावातच सगळे आले. 'रनिंग अवे' हे आम्हाला सगळ्यांत खरे वाटते. देश सोडून गेल्यावर हा पळाला, असा ठपका मार्लीवर होता. या गाण्यात तो स्वतःशीच वाद घालतो. शेवटी तर गाणे सोडून पुटपुटायला लागतो. चळवळ सोडून गेलेल्या आणि न सोडता थकलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ते एकदा ऐकावे. आणि अखेरचे 'टाइम विल टेल'. सगळा बँड मागे सरतो. साधी गिटार, हाताने वाजवायचे ढोल आणि वरच्यांना एक शांत इशारा की हिशेब अजून व्हायचा आहे. ज्याला आम्ही थंड म्हणालो तो अल्बम या गाण्यावर संपतो. आम्ही तेव्हा दुसरी बाजू पूर्ण ऐकलीसुद्धा नव्हती.

हा अल्बम काढून मार्ली स्वस्थ बसला का? फेब्रुवारी १९७८ मध्ये तो जमैकात परतला. २२ एप्रिलला किंग्स्टनच्या राष्ट्रीय स्टेडियमवर 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट' झाली. तिथे त्याने मॅनली आणि सिआगा या दोन हाडवैऱ्यांना मंचावर बोलावले आणि त्यांचे हात हातात धरून डोक्यावर उंचावले. 'काया' बाजारात येऊन तेव्हा पुरता महिनाही झाला नव्हता. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, 'सर्व्हायव्हल' आला, त्याचा सर्वांत कडक राजकीय अल्बम. त्यात झिंबाब्वेच्या मुक्तिलढ्यावर गाणे होते, आणि एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला तेव्हा हरारेच्या रुफारो स्टेडियमवर स्वातंत्र्यसोहळ्यात वेलर्स वाजवत होते. वर्षभरानंतर, ११ मे १९८१ रोजी, तो कर्करोगाने गेला. वय ३६. मवाळ झालेल्या माणसाचा हा प्रवास असतो का? प्रेमाची गाणी गाऊन त्याच्यातला लढवय्या संपला नाही. उलट त्या विसाव्यानंतरच तो जास्त धारदार झाला.

आता आक्षेपांकडे वळू, कारण आमचे मित्र ते घेणारच, आणि घेतलेच पाहिजेत.

पहिला आक्षेप गांज्याचा. अल्बमचे नावच गांज्याचे आहे, पहिली दोन गाणी त्याच्याच गुणगानाची आहेत. रास्ताफारी पंथात गांजा पवित्र मानतात. आम्ही पंचशील मानतो. पाचवे शील आम्हाला स्पष्ट सांगते की मद्य आणि मादक पदार्थांपासून दूर राहा. व्यसनाने आपल्या वस्त्यांचे काय केले हे आम्ही पाहिले आहे, खांदेही दिले आहेत. त्यामुळे इथे तडजोड नाही. तसेच हेले सेलासी या इथिओपियाच्या सम्राटाला देव मानणे आम्हाला मान्य होण्यासारखे नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी अवताराची कल्पना मागेच टाकली आहे. पण एखाद्याचे गाणे आवडले म्हणून त्याचा देव आणि त्याची चिलीम घ्यावी लागत नाही. बुद्धाने सांगितल्याप्रमाणे तपासून घ्यावे. हितकारक ते ठेवावे, बाकीचे सोडावे.

दुसरा आक्षेप बाजाराचा. मार्ली गेल्यावर १९८४ मध्ये 'लेजेंड' हा निवडक गाण्यांचा संग्रह काढला गेला आणि तो जगभर खपला. त्याचे पहिले गाणे हेच 'इज धिस लव्ह', आणि 'सर्व्हायव्हल'मधले एकही गाणे त्यात नाही. बंडखोराचे दात काढून त्याचा गोड चेहरा टी-शर्टवर छापायचा, ही बाजाराची रीत. बाबासाहेबांना फक्त घटनाकार म्हणून फुले वाहणारे आणि 'जातिप्रथेचे विध्वंसन' कपाटात ठेवणारे आपण रोज पाहतो. आक्षेप बरोबर आहे. पण दोष प्रेमाच्या गाण्याचा नाही, ते गाणे सोबतच्या नऊ गाण्यांपासून तोडणाऱ्याचा आहे. आम्हीही दुसऱ्या टोकाने तेच केले. बाजाराने मार्लीचा राग काढून टाकला, आम्ही त्याचे प्रेम काढून टाकले. अर्धा माणूस दोघांनीही मारला.

तिसरा आक्षेप बायकांचा, आणि तो आम्हाला सर्वांत टोचतो. मार्लीची इतर बायकांशी नाती होती. त्या दुःखाविषयी रिताने पुढे आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. म्हणजे नवरा प्रेमाची गाणी गात होता तेव्हा डोक्यात गोळी झेललेली त्याची बायको मागे उभी राहून सूर देत होती. हे विसरून कोणी या अल्बमचे कौतुक करू नये. आणि आपल्या कलापथकांत, आपल्या घरांत मागे उभे राहून सूर देणाऱ्या कोण होत्या, हाही प्रश्न सोबतच विचारावा.

हे सगळे मान्य करूनही आमचा मुद्दा उरतोच. या देशात शोषितांचे प्रेम ही कधी खासगी गोष्ट नव्हती. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. सहभोजनाने भागणार नाही, रक्ताचे नाते जुळले पाहिजे. आणि असे नाते जुळण्याच्या नुसत्या संशयावरून काय होते? २०१४ साली खर्ड्यात शाळकरी वयाच्या आपल्या मुलाला मारून झाडाला टांगले. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. २०१५ साली शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला, कारण त्याच्या मोबाइलची रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. ज्या समाजाच्या पोरांचा गाण्यावरून जीव जातो आणि प्रेमावरूनही जीव जातो, त्या समाजाने प्रेमाचे गाणे म्हणणे म्हणजे पळवाट कशी?

आणखी एक गोष्ट. मराठी रेडिओवर भावगीते ऐकत आम्ही वाढलो. त्यातले अंगण, त्यातला चाफा, त्यातला झोपाळा कोणाच्या घरचा होता? आमच्या घरचा नव्हता. आमच्याकडून मराठी वाङ्मयाने मागितला तो आक्रोश. विद्रोह करा, टाळ्या देऊ. हुंदका द्या, पुरस्कार देऊ. लावणी-तमाशात आमच्या आयाबहिणी शृंगार गायल्या, पण तो समोर बसलेल्यांच्या करमणुकीसाठी. आमच्या स्वतःच्या प्रेमाला ना रेडिओवर जागा होती ना फडात. आणि मग आम्ही स्वतःच्या ओट्यावरही त्याला जागा दिली नाही. वरच्यांनी ठरवून दिलेली भूमिका, की यांनी फक्त ओरडायचे, ती आम्ही क्रांती समजून वठवत राहिलो.

बाबासाहेबांनी असे कधी सांगितले नव्हते. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. 'थॉट्स ऑन पाकिस्तान'सारखा आकडे, नकाशे आणि युक्तिवाद यांनी भरलेला ग्रंथ त्यांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. रमाईला जाऊन पाच वर्षे झाली होती. तिच्या मनाचा चांगुलपणा आणि हालअपेष्टांत तिने दिलेली साथ यांची आठवण त्यांनी त्या पानावर ठेवली. देशाच्या फाळणीवरच्या पुस्तकात 'रामू' या नावाला जागा आहे. बाबासाहेबांना त्यात विसंगती वाटली नाही. आम्हाला एका हंड्याच्या गाण्यात वाटली.

त्या हंड्याच्या गाण्याचा शेवट सांगायचा राहिला. अल्बम ऐकला त्या रात्री आमच्यातल्या एकाने विचारले, "ती मुलगी कोण होती, आठवतंय का?" आठवत होते. ती मातंग समाजातली होती. दादा बौद्ध. त्या दिवसांत वस्तीत दोन्ही बाजूंना ताण होता, नळावरची भांडणे त्याच रेषेवर व्हायची. त्या रांगेत एका मुलीने दुसऱ्या जातीच्या मुलाचा हंडा रोज पहाटे पुढे सरकवला होता. आम्ही मंचावरून जाती मोडा म्हणून घसा फोडत होतो, आणि जात मोडत असल्याची बातमी घेऊन आलेल्या गाण्याला हसलो. समाजाला आग लागली आहे म्हणालो, आणि पाणी घेऊन आलेल्याला परत पाठवले.

नंबर शोधून फोन लावला. फोन एका बाईने उचलला. जयभीम घातला, वस्तीचे नाव सांगितले. "हो हो, ओळखलं," म्हणाल्या. "पाणी किती वाजता येतं आता तिकडं?" तेव्हा आम्हाला कळले की फोनवर कोण आहे. लग्न त्यांनी रजिस्टर केले होते. दोन्ही घरांतून कोणी आले नव्हते. कलापथकातून तर कोणाला सांगितलेच नव्हते. आम्ही म्हणालो, "ताई, दादांनी तुमच्यावर गाणं केलं होतं. आम्ही ते ऐकलं होतं." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला नाही कधी म्हणून दाखवलं."

दादा फोनवर आला. आम्ही माफी मागितली. "सोडा रे, पोरं होतात तुम्ही," म्हणाला. गाण्याचे विचारले तर म्हणाला, "शब्द गेले सगळे. चाल आहे." यंदाच्या जयंतीला ये, चालच वाजव, असे आम्ही म्हटले. बघू म्हणाला. हो म्हणाला नाही, आणि तो त्याचा हक्क आहे. एका हास्याने बंद केलेले गाणे एका फोनने उघडत नाही.

पण पुढच्यांसाठी एवढे करता येईल. आज कलापथकांत, रॅपमध्ये, मोबाइलवर आपली पोरे-पोरी गात आहेत. त्यातल्या एखादीने उद्या तालमीच्या शेवटी "एक वेगळं केलंय, ऐका" असे म्हटले, तर पूर्ण ऐका. दुसरी बाजूही ऐका. ज्या समाजाला प्रेम करायचीच बंदी होती, त्याच्या प्रेमाच्या गाण्याला चळवळीबाहेर बसवू नका.

जयभीम!